शाहिराची डावी बाजू

येवल्याहून पहिलं पत्र आलं तेव्हा बायडाबाई अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होती. पोस्टमननं फाटकातूनच हाक मारली, "शाहीर गेणू निकाळे इथंच राहतात का?" आणि तिला हसूच फुटलं. वालदेवीच्या पुलाजवळच्या त्या वसाहतीत गेणूला शाहीर म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. नाशिकरोडच्या प्रेसमधून तो निवृत्त झाला होता, नळावर त्याला गेणूबाबा म्हणत, आणि आवाज तर नोकरी सुटायच्या आधीच गेला होता. डॉक्टरांनी घशातली गाठ काढली ती गाणं घेऊनच निघाली. आता तो बोलला की खराट्यानं फरशी झाडल्यासारखं वाटे.

पण 'शाहीर' हा शब्द कानावर पडताच तो आतून बनियनवरच बाहेर आला. पत्र घेतलं, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागला.

लिहिणारी विशाखा पगारे नावाची मुलगी येवल्याच्या शाळेत शिक्षिका होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिनं शाहिरांचा कार्यक्रम पाहिला होता. ते दिव्याचं गाणं आपण अजून विसरलो नाही, असं तिनं लिहिलं होतं. पुढं होतं, "प्रत्येक ओळ उचलण्याआधी तुम्ही मान किंचित डावीकडे वळवायचात आणि डोळे मिटायचात, जणू दुरून कुठून तरी तुम्हाला काही ऐकू येतंय. मग गाणं यायचं. ती मुद्रा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही."

"ऐकलंस का? मुद्रा म्हणते पोरगी," गेणू म्हणाला.

"ऐकलं," बायडाबाई म्हणाली आणि मिरच्या हलवत राहिली. अशा हलवल्या की दोघांनाही ठसका लागला.

डावीकडून शाहिराला काय ऐकू यायचं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? डावीकडं, एक पाऊल मागं, ती उभी असायची.

लग्न झालं तेव्हा गेणूची गायन पार्टी होती. एक ढोलकी, एक पेटी, एक तुणतुणं आणि मागं झील धरायला दोन माणसं. पुढचा ओळ म्हणतो आणि मागचे तिचं शेपूट उचलून धरतात, तोवर पुढचा दम घेतो, ती झील. चांदवडच्या कार्यक्रमात दोघांतला एक झीलकरी तापानं फणफणला आणि गेणूनं बायकोला उभं केलं. मांडीवरची पोर तिनं ढोलकीवाल्या पुंजाच्या बायकोकडं दिली आणि पदर खोचून मागं उभी राहिली. त्या दिवशी दोघांच्याही एक गोष्ट ध्यानात आली. गेणूचा गळा तलवारीसारखा होता, पण त्याला सूर आपणहून सापडत नसे. सापडला तर उंचावर सापडे आणि तिसऱ्या कडव्यात तो फासावर चढल्यासारखा ताणत राही. बायडाबाईनं ओठ मिटून नुसतं हुं केलं. त्यानं मान वळवून ते हुं उचललं आणि गाणं रुळावरून गाडी निघावी तसं निघालं. तेव्हापासून तो डावीकडं वळत राहिला, ती हुं करत राहिली. पुढं पुढं त्यालाही वाटू लागलं असावं की आपण उगीचच वळतो, सवय आहे.

आणि ते दिव्याचं गाणं! शब्द गेणूचे, यात वाद नाही.

दिवा हाती घेतला गं, वाट उजळ झाली
लेक माझी पाटी घेऊन शाळेमधी गेली

पण चाल? चाल बायडाबाईच्या जात्यावरची. पहाटे ती दळत असे, आणि तिच्या गळ्यातून घरघरीबरोबर जे निघे त्यावर गेणूनं अंथरुणात पडल्या पडल्या शब्द बसवले होते. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. घरातलं पीठ घरातच मळलं. लोक टाळ्या वाजवत, गेणू हात जोडे, आणि ती मागं उभी राहून घरी गेल्यावर काय रांधायचं त्याचा विचार करी.

पण पत्रांनी हे सगळं उकरलं.

गेणूनं उत्तर पाठवलं. त्याला उत्तर आलं. मग तो शाईचं पेन घेऊन आला. पत्र लिहायला बसायच्या आधी तो तोंड धुई, केसांना तेल लावून भांग पाडी. एकदा तर बायडाबाईनं त्याला धुतलेला सदरा घालून लिहायला बसलेलं पाहिलं.

"का हो, ते कागदातून दिसतं का तिकडं?" तिनं विचारलं.

"काय?"

"सदरा."

त्यानं न ऐकल्यासारखं करून पेनचं टोपण काढलं. शेजारच्या साळूबाईला मात्र भिंतीपलीकडून सगळं ऐकू जाई. "शिकलेली हाय, कुवार हाय, म्हातारा हिरवा झाला गं बायडे," ती नळावर म्हणाली.

"वाळल्या कडब्याला कुठली पालवी फुटती?" बायडाबाई म्हणाली. "आन् येवल्याहून लोकांकडं पैठण्या येत्यात. आमच्याकडं नुसते कागद!"

बायका हसल्या. घरी आल्यावर मात्र तिनं हंडा असा आदळला की अर्धं पाणी सांडलं. पोरीची तिला भीती नव्हती. गेणू कुठं पळून जाणार होता, त्याला तर पायऱ्या उतरताना दार धरावं लागे. तिला जाळत होतं ते निराळंच. हा माणूस कागदाशी बोलत होता. जेवताना 'मीठ दे' याखेरीज ज्याच्या तोंडून शब्द निघत नसे, तो चार-चार पानं भरत होता. काय लिहितो एवढं? आईच्या मरणाचं लिहितो का? प्रेसमधल्या संपाचं लिहितो? त्याच्या आयुष्यात जे घडलं ते सगळं तिच्यासमोरच घडलं होतं, तरी त्यानं ते तिला कधी सांगितलं नव्हतं. समोरच असलेल्या माणसाला काय सांगायचं?

मुलीच्या बाळंतपणाला ती मनमाडला जाऊन राहिली होती, तेव्हा त्यानं एक कार्डसुद्धा टाकलं नव्हतं. परत आल्यावर तिनं विचारलं तर म्हणाला, "पत्र काय पाठवायचं? तुला वाचता कुठं येतं?"

ते वाक्य इतकी वर्षं कुठं तरी पडून होतं. आता ते तिला बोचायला लागलं.

त्याच सुमारास वसाहतीतल्या विहारात सरकारचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. म्हाताऱ्या बायका लाजून जाईनात. बायडाबाई पहिल्याच संध्याकाळी पाटी घेऊन हजर. गेणूला अभिमान वाटला. "माझ्या गाण्याचा हा परिणाम," तो पुंजाला म्हणाला, आणि पुढच्या पत्रात त्यानं तेही लिहिलं असणार. बाकीच्या बायका आधी आपलं नाव काढायला शिकल्या. बायडाबाईनं शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "ताई, 'येवला' कसं काढायचं?"

"येवल्याला कोण आहे तुमचं?"

"कोणी नाय. एक दुखणं हाय."

वर्षभरात ती अक्षराला अक्षर जोडू लागली. गेणू दुकानात गेला की ती पत्र काढी. जोडाक्षर आलं की अडे, पुन्हा मागं जाई. पत्राचं एक पान संपेस्तोवर चुलीवरची भाजी करपे. गेणू करपलेली भाजी मुकाट खाई, त्याला वाटे हिचं वय झालं.

वाईट असं पत्रांत काहीच नव्हतं. पोरगी शाळेबद्दल लिही, मुलांना शाहिरांची गाणी शिकवते असं लिही, 'आदरणीय शाहीरबाबा' अशी सुरुवात करी. बायडाबाईला काही सापडेना म्हणून तिचा जीव आणखीच कासावीस होई. स्वतःचं नाव मात्र तिला कुठं दिसलं नाही. शेवटी एवढंच असे, "घरच्या मंडळींना जयभीम." पोरगा भुसावळला, पोरगी मनमाडला. घरची मंडळी म्हणजे ती एकटी.

आणि मग एका दुपारी तिनं वाचलं, "दिव्याच्या गाण्याची चाल तुम्हाला पहाटे सायकलवरून कामाला जाताना वालदेवीच्या पुलावर सुचली, हे वाचून अंगावर काटा आला."

बायडाबाईनं ती ओळ पुन्हा जोडून वाचली. वालदेवीच्या पुलावर. आपलीच वाचायची चूक असेल म्हणून तिनं बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली. मग पत्र जसं होतं तसं घडी करून ठेवलं, जात्यापाशी गेली, आणि काही दळायचं नसताना खुंट्याला हात लावून बसून राहिली. गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात होतं, त्यावर आता कांद्याची टोपली ठेवलेली असे.

जेवायला वाढताना ती म्हणाली, "पुलावर काय काय सुचायचं हो तुम्हाला?"

घास त्याच्या हातातच राहिला. "कोणत्या पुलावर?"

"वालदेवीच्या."

"कोणी सांगितलं तुला?"

"पूल बोलला."

त्यानं मान खाली घातली आणि जेवण संपवलं. त्या दिवसापासून पत्रं पेटीच्या खोक्यात, कुलपाखाली गेली. कुलूप लागलं यातच तिला जे कळायचं ते कळलं.

एक्क्याऐंशी साली जयंतीच्या आधी वसाहतीच्या तरुणांनी ठरवलं की यंदा जुनं गाणं व्हावं. शाहिरांचा आवाज नाही तर शाहिरांचा शिष्य गाईल. "शिष्या आहे माझी येवल्याला," गेणू म्हणाला. त्यानं पत्र टाकलं आणि एका रविवारी ती एस. टी.नं आलीच.

बायडाबाईनं तिची जी मूर्ती मनात केली होती ती चांगली उजळ, भरल्या अंगाची, हसरी होती. दारात उभी होती ती एक किडकिडीत, सावळी पोर. जाड भिंगांचा चष्मा, चपलेला खिळा मारलेला, पदराला खडूची पांढुरकी बोटं. "जयभीम मावशी," ती म्हणाली, आणि उन्हानं दमून तिथंच दारात टेकली. बायडाबाईला जरा फसवल्यासारखंच वाटलं. एवढा जाळ आपण असल्या काडीवर खर्च केला!

पण गेणूनं तिला खुर्ची दिली, घरात एकच खुर्ची होती ती, आणि जाळ पुन्हा पेटला.

"बायडे, हिला चाल सांग," चहा झाल्यावर तो म्हणाला. "माझ्या घशाचं तुला ठाऊकच आहे."

बायडाबाई लसूण सोलत होती. "मी कशी सांगू? मी मागची. मला मागचंच येतं. पुढचं शाहिरांनी सांगावं, त्यांना पुलावर सुचलंय."

विशाखानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. गेणू खाकरला. "बरं, मागचं तरी सांग."

तिनं मागचं सांगितलं. आणि जीव ओतून सांगितलं. "शाळेमधी गेली गं, शाळेमधी गेली" या शेपटाची हरएक मुरकी, कुठं दम चोरायचा, कुठं सोडायचा, सगळं तिनं त्या पोरीकडून घोटून घेतलं. पोरीचा गळा गोड होता, त्याचीही बायडाबाईला नव्यानं चीड आली. पुढची ओळ मात्र गेणूनं खरखरत दाखवली. ती त्याचीच चुकत होती. वाट 'उजळ' व्हायची त्या जागी तो चढायचं सोडून खाली घसरत होता. त्याला कळत नव्हतं, कारण त्याला ते एकट्यानं कधी आलंच नव्हतं. बायडाबाई लसूण सोलत राहिली. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. ती बोलली नाही. होऊ दे जयंती, तिच्या मनात आलं. साऱ्या वसाहतीसमोर कळू दे, पुलावर काय सुचलं होतं ते.

जयंतीच्या संध्याकाळी विहारापुढं मांडव पडला. निळ्या पताका, ट्यूबलाइटी, कर्ण्यातून खरखर. शाहिरांना मंचावर खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. पुंजानं ढोलकी मांडीवर घेतली, त्याचेही केस आता कापसासारखे झाले होते. बायडाबाई बायकांत, साळूबाईशेजारी सतरंजीवर बसली होती. तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं.

विशाखा माइकपुढं आली. शाहिरांना वाकून जयभीम केला. ढोलकी सुरू झाली. आणि तिनं डोळे मिटून मान किंचित डावीकडं वळवली.

बायडाबाईनं ओळखलं. पोरीनं ती लकब उचलली होती! लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली, पत्रात लिहिलेली ती मुद्रा. पोर मान वळवून वाट पाहत होती, शाहिराला जिथून ऐकू यायचं तिथून आपल्यालाही ऐकू येईल म्हणून. आणि तिथं कोणीच नव्हतं. माइकची वायर तेवढी लोंबत होती.

तिनं ओळ उचलली ती भलत्याच उंचीवर. 'वाट उजळ' पाशी घसरली. थांबली. पुंजानं ढोलकीचा एक फेरा वाढवून तिला सांभाळून घेतलं. तिनं पुन्हा मान डावीकडं वळवली, पुन्हा उचललं, पुन्हा तिथंच पडली. मागं पोरं फिसकन हसली.

"काय गं, ही तर शाहिराची शिष्या ना?" साळूबाई कुजबुजली.

हेच हवं होतं. जसं हवं होतं तसंच, ताटात वाढून समोर आलं होतं. बायडाबाईनं मंचाकडं पाहिलं. पोर घामानं निथळत तिसऱ्यांदा डावीकडं वळली होती. आणि खुर्चीतल्या गेणूनंही मान डावीकडं वळवली होती. हार घातलेली ती म्हातारी मान आपोआप वळली होती, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. दोन माणसं त्या रिकाम्या जागेकडं कान लावून बसली होती.

ती जागा तिची होती. उद्या तिथं कोणी दुसरी येऊन उभी राहिली असती, कोणी तरी हुं केलं असतं, बरं-वाईट कसं का होईना. हे मात्र तिला सोसलं नसतं.

ती उठली.

"कुठं चाललीस गं मधूनच?" साळूबाईनं पदर ओढला.

"जागा धरायला."

मंचाची पायरी उंच होती. पुंजानं ढोलकी न थांबवताच तिच्याकडं पाहिलं, आणि त्याचा हात हलका झाला. ती डावीकडं, एक पाऊल मागं जाऊन उभी राहिली. ओठ मिटले. मग तिच्या मनात आलं, हुं कशाला? या पोरीला हुं कुठं उचलता येतंय. तिनं ते एक पाऊल पुढं टाकलं, माइकपाशी गेली आणि तोंड उघडलं.

दिवा हाती घेतला गं, वाट उजळ झाली...

आवाज म्हातारा होता, किनारीला फाटला होता, पण चढायच्या जागी सरळ चढला. विशाखानं दचकून डोळे उघडले. आणि ओळीचं शेपूट आलं तसं ते तिच्या गळ्यातून आपोआप निघालं, घोटलेलं, मुरकीसकट. "शाळेमधी गेली गं, शाळेमधी गेली." तिला तेवढंच येत होतं, आणि तेवढंच लागणार होतं. बायडाबाई पुढं, पोरगी मागं, असं अख्खं गाणं झालं. मागची पोरं हसायची थांबली. म्हातारी माणसं मान हलवू लागली, कारण चाल ओळखीची होती आणि गळा नवा होता.

गाणं संपलं तेव्हा टाळ्यांत विशाखानं तिचा दंड धरला. "मावशी, ते मान वळवायचे ते... तुमच्याकडं?"

बायडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "नाय गं. पुलाकडं."

पोर हसली नाही. तिनं वळून शाहिरांकडं पाहिलं. ते हारातलं एकेक फूल खुडत होते.

घरी आल्यावर गेणू बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, "तुला पुढचं येत होतं. मग पोरीला शिकवलं का नाहीस?"

"तुम्ही तिला माझं का नाय सांगितलं?"

त्यानं बूट भिंतीशी सारले. तिनं ताटं मांडली. दोघं जेवली, आणि त्या दिवशी भाजी करपली नव्हती.

पुढच्या पत्राच्या वेळी पोस्टमन फाटकातून ओरडला तसा गेणू लगबगीनं बाहेर गेला, आणि पत्र उलटंसुलटं करत आत आला. पाकिटावर लिहिलं होतं, 'आदरणीय बायडाबाई निकाळे'.

"तुझं आहे," तो म्हणाला. "वाचून दाखवू?"

"येतं मला."

ती उंबऱ्यावर उजेडात बसली आणि अक्षराला अक्षर जोडू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गेणूनं चहा ठेवला, कधी नव्हे तो. तिच्या मागून दोनदा फिरून गेला. एकदा वाकलाही, पण चष्मा आतच राहिला होता.

"काय लिहिते?"

"बरंच."

"माझं काही?"

बायडाबाईनं पान उलटलं, बोटानं ओळी चाळत शेवटपर्यंत गेली. "हाय ना. घरच्या मंडळींना जयभीम."

चहा उतू गेला. चूल विझल्याचा चर्र आवाज झाला. त्यानं फडक्यानं भांडं उतरवलं, बोट भाजलं, ते तोंडात घातलं.

"बाजारात चालला असाल तर पोस्टातून एक अंतर्देशीय आणा," ती म्हणाली.

"मी लिहून देतो. तू नुसतं सांग."

"नको."

"तुझं अक्षर कोणाला लागणार?"

"तिला लागंल. मास्तरीण हाय ती." तिनं पत्राची घडी घातली, उठली, कोपऱ्यातल्या जात्यावरची कांद्याची टोपली खाली ठेवली आणि वरच्या तळीखाली, जिथं पूर्वी दाणे जायचे तिथं, पत्र सरकवलं. ती तळी त्याला एकट्याला आता उचलण्यासारखी नव्हती. मग पदर झटकून म्हणाली, "आन् ते शाईचं पेन ठेवून जा."